बोलणे शिकविणारा ग्रॅहम बेल

अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे नाव टेलिफोनला इतके चिकटले आहे की, त्याखेरीज त्यांनी आणखी काही केले असेल याची आठवण सहसा कोणाला होत नाही. स्वतः बेल यांना मात्र आपली ओळख कर्णबधिरांचा शिक्षक अशी करून दिलेली अधिक आवडे. छातीतून निघालेला वारा कंठ, तालू, जीभ, दात आणि ओठ यांच्यामधून जाताना त्याचा शब्द कसा होतो, हा त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या चाललेला अभ्यास होता. टेलिफोन हे त्या अभ्यासाच्या वाटेवर हाती लागलेले फळ. त्याच वाटेने पुढे जाताना, ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले त्या कर्णबधिरांशीच त्यांचे वितुष्ट आले आणि ते आजही पुरते मिटलेले नाही.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. आजोबा अलेक्झांडर बेल मूळचे सेंट अँड्र्यूज गावचे चर्मकार. पुढे ते रंगभूमीवर गेले आणि अखेरीस लंडनमध्ये शुद्ध उच्चार व वक्तृत्व शिकवू लागले. वडील मेलव्हिल बेल यांनी तोच व्यवसाय शास्त्राच्या पातळीवर नेला. तोतरेपणा घालविणे, प्रांतिक हेल काढून टाकणे, व्याख्यात्याचा आवाज घडविणे ही त्यांची रोजची कामे होती. आई एलिझा चित्रकार आणि पियानोवादक होती; पण तिला ऐकू फारच कमी येई. कानाला लावलेल्या नळीचे दुसरे टोक पियानोच्या लाकडावर टेकवून ती सूर ऐकत असे. घरातली इतर माणसे त्या नळीत ओरडून बोलत. धाकट्या अलेकने वेगळी युक्ती काढली होती. आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन तो खालच्या, घुमणाऱ्या आवाजात बोले आणि ते तिला कळे. चारचौघांत गप्पा चालल्या असता त्या बोटांच्या अक्षरांनी तिला सांगत राहण्याचे कामही त्याचेच असे. ध्वनी म्हणजे कानाने ऐकण्याची वस्तू एवढेच नव्हे, तर हाडांतून आणि कातडीतून जाणवणारी थरथर आहे, हा धडा त्याला पुस्तकाआधी घरात मिळाला.

१८६३ साली वडील त्याला लंडनमध्ये चार्ल्स व्हीट्स्टन या शास्त्रज्ञाकडे घेऊन गेले. व्हिएन्नाच्या फॉन केम्पेलेन यांनी अठराव्या शतकात बोलणारे यंत्र बनविले होते. त्याच धर्तीचे यंत्र व्हीट्स्टन यांनी पुन्हा उभे केले होते. भाता दाबला की त्यातून माणसासारखे मोडकेतोडके शब्द बाहेर पडत. घरी परतल्यावर अलेक आणि थोरला भाऊ मेलव्हिल यांनी स्वतःचे बोलके डोके बनविण्याचा घाट घातला. कंठ थोरल्याने करायचा, तोंड धाकट्याने. खाटकाकडून कोकराचे स्वरयंत्र आणून त्यांनी ते न्याहाळले. जबडा गटापर्चाचा, जीभ लाकडी तुकड्यांची आणि वरून रबर चढविलेली, मृदुतालू कापूस भरलेल्या रबराचा. नळीतून वारा फुंकून ओठ उघडमिट केले तेव्हा त्या डोक्यातून मामा असा आकांत निघाला. दोघा भावांनी तो इमारतीच्या जिन्यात इतका वेळ चालू ठेवला की, कोणाचे मूल रडते आहे हे पाहायला शेजारीण बाहेर आली. यानंतर पाळी आली घरच्या कुत्र्याची. त्याला सतत गुरगुरायला शिकवून अलेक हाताने त्याचा जबडा व गळा दाबत असे आणि त्या गुरगुरण्यातून आजीची ख्यालीखुशाली विचारणारे इंग्रजी वाक्य ओळखू येण्याजोगे बाहेर पडे. कुत्रा बोलतो अशी वार्ता पसरली. वास्तविक कुत्र्याने पुरविला होता तो केवळ घोष. उच्चार मुलाच्या बोटांचे होते.

बोलण्याच्या यंत्रणेचे सार याच खेळात आहे. फुप्फुसे वारा पुरवितात. गळ्यातील स्वरतंतू जवळ येऊन थरथरले तर नाद उमटतो. ते दूर राहिले तर नुसता श्वास वर येतो. यापुढचे सारे काम तोंडाचे. बिन या इंग्रजी शब्दातील पहिला ध्वनी आणि पिन या शब्दातील पहिला ध्वनी दोन्ही ओठ मिटूनच होतात. फरक एवढाच की, पहिल्यात गळ्याची थरथर लवकर सुरू होते, दुसऱ्यात उशिरा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून इंग्रज माणसाला पिन म्हणायला लावले तर ती हलते, कारण शब्दारंभीच्या प बरोबर तो नकळत श्वासाचा झोत सोडतो. आपल्याकडे प आणि फ ही दोन वेगळी अक्षरे झाली. इंग्रजाला तो भेद ऐकूही येत नाही. उलट थिन या शब्दाचा पहिला ध्वनी काढताना तो जिभेचे टोक वरच्या दातांना जेमतेम लावतो आणि फटीतून वारा घासत जाऊ देतो. आपण तिथे थ म्हणून वारा पुरता अडवितो व मग सोडतो. टेबल हा शब्द आपण मूर्धन्य ट ने लिहितो. पण इंग्रजाची जीभ टाळूकडे वळत नाही, ती दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर टेकते. आपल्या दंत्य त आणि मूर्धन्य ट यांच्या मधली ही जागा आहे. व चे तर इंग्रजीत दोन ध्वनी आहेत, एक दात खालच्या ओठावर टेकवून आणि दुसरा ओठांचा चंबू करून.

कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य या क्रमाने ज्यांनी बालवाडीतच वर्णमाला पाठ केली, त्यांना या विचारात नवे काही वाटणार नाही. इंग्रजी लिपीत मात्र त्याची खूण नव्हती. २६ अक्षरे, ४० हून अधिक ध्वनी आणि अक्षरांच्या क्रमाचा तोंडातील जागांशी काडीचाही संबंध नाही, अशी ती स्थिती. मेलव्हिल बेल यांनी यावर काढलेला उपाय व्हिजिबल स्पीच, म्हणजे दृश्य वाणी, या नावाने १८६७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. या लिपीतील प्रत्येक चिन्ह म्हणजे तोंडाचे चित्रच. अर्धगोल कोणत्या दिशेला उघडा आहे यावरून जिभेचा मागचा भाग, मधला, टोक की ओठ हे कळे. वाट पुरती बंद असेल तर गोलाचे तोंड रेघेने मिटविलेले, आत छोटी रेघ असेल तर घोष, आणि मृदुतालू खाली येऊन वारा नाकातून जात असेल तर त्यालाही वेगळी खूण. चिन्ह वाचणे म्हणजे तोंडाने काय करायचे त्याची आज्ञा वाचणे. ज्याने तो ध्वनी कधी ऐकलेला नाही, त्यालाही तो काढता यावा अशी ही योजना होती.

तिची जाहीर प्रात्यक्षिके होत आणि त्यांत मुलगेच वडिलांचे साक्षीदार असत. अलेकला सभागृहाबाहेर पाठविले जाई. श्रोते हवे ते शब्द, परभाषेतील वाक्ये, खोकला, शिंक, वाटेल तो आवाज सुचवीत आणि मेलव्हिल बेल तो फळ्यावर उतरवीत. मग आत येऊन मुलगा चिन्हे पाहून तोच आवाज काढे. एकदा त्याच्या तोंडून अशी खरखर निघाली की हे काय आहे ते त्यालाच कळेना. श्रोत्यांनी मात्र टाळ्या वाजविल्या, कारण कोणीतरी करवतीने लाकूड कापल्याची नक्कल केली होती. लॅटिन, स्कॉटिश गेलिक आणि संस्कृत यांचेही उतारे तो अशा रीतीने वाचून दाखवी. मराठी प्रेक्षकांना या वातावरणाची ओळख वेगळ्या वाटेने आहे. पु. ल. देशपांडे यांनी ज्या नाटकावरून ती फुलराणी रचली, त्या पिग्मॅलियनच्या प्रस्तावनेत बर्नार्ड शॉ यांनी मेलव्हिल बेल यांचा नामनिर्देश केला आहे. उच्चारावरून माणसाचे गाव ओळखणारा प्राध्यापक ही निव्वळ कल्पना नव्हती. त्या काळच्या ब्रिटनमध्ये अशी माणसे खरोखर होती.

किशोरवयातच बेल एल्गिन गावच्या शाळेत वक्तृत्व व संगीत शिकवू लागले. तिथे त्यांनी स्वरांचा पिच्छा पुरविला. आवाज न काढता तोंड एकेका स्वराच्या आकारात ठेवायचे आणि गालावर वा गळ्यावर बोटाने टिचकी मारायची. प्रत्येक आकारातून वेगळ्या उंचीचा सूर ऐकू येतो. ई पासून ऊ पर्यंतचे स्वर नुसते कुजबुजले तरी सूर उतरत गेल्याचे कोणालाही जाणवेल. जीभ तोंडाच्या पोकळीचे पुढची आणि मागची असे दोन कप्पे पाडते व स्वराचे वेगळेपण त्या दोहोंच्या घुमण्यात असते, असे त्यांनी ताडले. वडिलांचे स्नेही, भाषापंडित अलेक्झांडर एलिस यांनी कळविले की, हे काम जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी आधीच केले आहे. हेल्महोल्ट्झ यांनी विजेवर चालणाऱ्या नादकाट्यांनी कृत्रिम स्वर निर्माण केले होते. बेल यांना जर्मन धड येत नव्हते. आकृत्या पाहून त्यांनी समज करून घेतला की, हा शास्त्रज्ञ तारेवरून स्वर पाठवितो आहे. समज चुकीचा होता, पण तारेवरून स्वर जाऊ शकतो हा विश्वास त्यातून जो बसला तो कायमचा.

१८६७ मध्ये धाकटा भाऊ एडवर्ड आणि १८७० मध्ये थोरला मेलव्हिल, दोघेही क्षयाने गेले. अलेकचीही प्रकृती खालावत होती. उरलेला एकुलता मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी त्याच वर्षी घरदार सोडून कॅनडातील ब्रँटफर्ड गाठले. पुढच्या वर्षी बेल बॉस्टनला कर्णबधिर मुलांच्या शाळेत दृश्य वाणी शिकविण्यासाठी गेले. लंडनमधील एका छोट्या शाळेत १८६८ साली त्यांनी हा प्रयोग करून पाहिला होताच. १८७३ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने त्यांना वाणीच्या शरीरशास्त्राचे प्राध्यापकपद दिले.

जन्मतः ज्याला ऐकू येत नाही त्याचा कंठ, जीभ, ओठ बहुधा शाबूत असतात. आपण काढलेला ध्वनी बरोबर की चूक हे सांगणारा कान तेवढा नसतो. बेल मुलांचा हात आपल्या गळ्यावर ठेवीत, मग त्यांच्या गळ्यावर. घोष म्हणजे काय ते बोटांना कळे. जिभेची जागा चिन्हांनी आणि आरशात दाखवीत. ओठ वाचण्याच्या कलेच्या मर्यादा त्यांना ठाऊक होत्या. पॅट, बॅट आणि मॅट हे शब्द ओठांवर एकसारखेच दिसतात, आणि क किंवा ग उच्चारताना जिभेची मागची बाजू काय करते हे बाहेरून दिसतच नाही. दृश्य वाणीची चिन्हे लहान मुलांना अवघड पडत आणि शाळांतून ती पद्धत काही वर्षांतच मागे पडली. पण ध्वनी हा शरीराचा व्यापार आहे आणि तो कानावाचूनही शिकविता येतो, या मूळ श्रद्धेपासून बेल हटले नाहीत. जॉर्ज सँडर्स या जन्मबधिर बालकासाठी त्यांनी हातमोज्यावर अक्षरे लिहून घेतली होती. बोटाने अक्षरांना स्पर्श करीत ते त्याच्याशी बोलत. जॉर्जच्या वडिलांनी पुढे टेलिफोनच्या प्रयोगांना पैसा दिला. पैसा देणारे दुसरे गृहस्थ गार्डिनर हबर्ड. त्यांची कन्या मेबल पाचव्या वर्षाच्या सुमारास स्कार्लेट ज्वराने बधिर झाली होती. ओठ वाचण्यात ती विलक्षण तरबेज होती. उच्चार सुधारण्यासाठी ती बेल यांच्याकडे आली तेव्हा १५ वर्षांची होती, आणि हा गबाळ्या वेषाचा मास्तर तिला मुळीच आवडला नव्हता.

उच्चार डोळ्यांना दिसावा म्हणून बेल यांनी आणखी एक विचित्र साधन उभारले. बॉस्टनचे कर्णरोगतज्ज्ञ डॉ. क्लॅरेन्स ब्लेक यांच्याकडून त्यांनी १८७४ मध्ये मृत माणसाचा कान मिळविला, त्याच्या सूक्ष्म हाडांना गवताची काडी जोडली आणि काजळी धरलेल्या काचेवर तिचे टोक टेकविले. कानात बोलले की काचेवर नागमोडी रेघ उमटे. मुलांनी ती पाहून स्वतःचा उच्चार जुळवावा असा बेत होता. तो साधला नाही. पण पातळशा पडद्याने त्या मानाने जड हाडे हलविली, हे बेल यांच्या डोक्यातून जाईना. मग मोठा पडदा लोखंडाची पट्टी का हलविणार नाही, आणि चुंबकापुढे ती हलली तर तारेतील वीज तशीच का डोलणार नाही? जून १८७५ मध्ये सहकारी टॉमस वॉटसन यांच्या हातून छेडली गेलेली पोलादी पट्टी तारेच्या दुसऱ्या टोकाला बेल यांना ऐकू आली. ७ मार्च १८७६ रोजी पेटंट मिळाले आणि तीनच दिवसांनी शेजारच्या खोलीतील वॉटसन यांना बेल यांची हाक तारेवरून पोचली. बेल यांचा अर्ज दाखल झाला त्याच दिवशी एलिशा ग्रे यांनी केलेला अर्ज आणि त्यानंतरचे शेकडो खटले यांची कथा स्वतंत्र लेखाची आहे. निकाल बेल यांच्या बाजूने लागले, वाद मात्र अभ्यासकांत अजून चालतो.

११ जुलै १८७७ रोजी मेबल व बेल यांचा विवाह झाला. दहा वगळता कंपनीचे आपले सारे समभाग त्यांनी पत्नीच्या नावे केले. फ्रान्स सरकारने १८८० साली दिलेल्या व्होल्टा पुरस्काराच्या ५०,००० फ्रँकांतून त्यांनी प्रयोगशाळा काढली आणि तिच्या उत्पन्नातून १८८७ मध्ये कर्णबधिरांविषयीचे ज्ञान जमविणारी व्होल्टा ब्यूरो ही संस्था उभी केली.

इथून त्यांच्या चरित्राचा अवघड भाग सुरू होतो. अमेरिकेतील कर्णबधिरांची स्वतःची खुणांची भाषा होती, तीत शिकविणाऱ्या शाळा होत्या, त्या शाळांतून शिकून शिक्षक झालेली कर्णबधिर माणसे होती. वॉशिंग्टनच्या बधिर महाविद्यालयाचे प्रमुख एडवर्ड गॅलॉडेट तिचे कैवारी. बेल यांच्याप्रमाणेच त्यांचीही आई बधिर होती. पण एकाच अनुभवातून दोघे उलट निष्कर्षांवर पोचले. खुणांनी मूल आपल्यासारख्यांतच अडकून पडते, त्याने बोलावे, ओठ वाचावेत आणि ऐकणाऱ्यांच्या जगात मिसळून जावे, असे बेल यांचे मत होते. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांऐवजी वाचेनेच शिकवावे असा ठराव केला. नोव्हेंबर १८८३ मध्ये बेल यांनी राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला. बधिर माणसे आपसांत विवाह करतात, त्यातून मानववंशाची एक बधिर शाखाच निर्माण होईल, अशी भीती त्यात होती. निवासी शाळा, खुणांची भाषा आणि बधिर शिक्षक यांमुळे असे विवाह वाढतात, तेव्हा ही तिन्ही कमी करावीत, असा त्यांचा रोख होता. कायद्याने विवाहबंदी करावी असे मात्र त्यांनी सुचविले नाही.

बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात. त्यामुळे ही भीती पायातच कच्ची होती. खुद्द व्होल्टा ब्यूरोने १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एडवर्ड ॲलन फे यांच्या पाहणीत दिसून आले की, बधिर दांपत्यांची बहुतेक मुले ऐकणारीच असतात. बेल वंशावळींच्या शोधात मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरही गेले होते. तिथे आनुवंशिक बधिरत्व इतके होते की, ऐकू येणारे शेजारीही सहज खुणांनी बोलत आणि बधिर माणूस वेगळा पडत नसे. बेल यांनी तिथली कुळे मोजली. शेजाऱ्यांच्या हातांकडे त्यांनी तेवढ्या आस्थेने पाहिले असते, तर आपल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर त्यांना तिथेच मिळाले असते. पुढील दशकांत अनेक देशांतील शाळांतून बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि खुणा करणाऱ्या मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. हे सारे बेल यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. पण त्यांच्या कीर्तीचे वजन त्या पारड्यात पडले हेही खरे. मिलानचे ठराव चुकीचे होते, याची जाहीर कबुली बधिरशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने व्हँकुव्हर येथे दिली ती २०१० साली.

ज्यांना बेल प्रत्यक्ष भेटले त्यांच्या आठवणी मात्र वेगळ्या आहेत. १८८६ साली अंध व बधिर अशा सहा वर्षांच्या हेलन केलरला घेऊन तिचे वडील त्यांच्याकडे आले. बेल यांनी तिला मांडीवर घेतले, घड्याळाचे ठोके हाताला जाणवू दिले आणि बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेशी पत्रव्यवहार करण्याचा सल्ला दिला. त्यातूनच ॲन सलिव्हन हेलनच्या आयुष्यात आली. बेल यांच्या जुन्या सहकारी सारा फुलर यांनी १८९० मध्ये हेलनला बोलण्याचे पहिले धडे दिले, तेही शिक्षिकेच्या चेहऱ्यावर आणि जिभेवर बोटे ठेवून. हेलन बोलू लागली, परंतु परक्या माणसाला तिचे बोलणे सहज कळत नसे आणि ही खंत तिला जन्मभर राहिली. आपले आत्मचरित्र तिने बेल यांना अर्पण केले.

अखेरची वर्षे बेल यांनी कॅनडातील नोव्हा स्कोशियामधल्या बॅडेक गावाजवळ, बेन व्ह्रिया या आपल्या वाड्यात घालविली. विमाने, पतंग, वेगवान नौका असे त्यांचे उद्योग चालूच होते. मेबलशी बोलताना चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसण्याची सवय त्यांनी कधी मोडली नाही. २ ऑगस्ट १९२२ च्या रात्री ते अत्यवस्थ झाले. मेबलने त्यांचा हात धरून मला सोडून जाऊ नका अशी विनवणी केली. बोलण्याचे त्राण उरले नव्हते. तिच्या तळहातावर बोटांनी त्यांनी नाही एवढे उत्तर दिले आणि थोड्याच वेळात त्यांची प्राणज्योत मालवली. दोन दिवसांनी दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. जानेवारी १९२३ मध्ये मेबलही गेली. तिला त्यांच्याच शेजारी पुरण्यात आले.